आधी श्वास, मग प्रवाळ

दिवाळीची सुट्टी लागली की वणी-दिंडोरीकडच्या अनेक गाड्या रात्रभर धावून मालवण गाठतात. सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाला की जवळच्या उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग ठरलेले. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट. पोहता न येणाऱ्यालाही मासे आणि प्रवाळ दिसतात, ही सोय चांगलीच. अडचण येते ती पहिल्या पाच मिनिटांत.

मास्कमुळे नाक बंद होते आणि फक्त तोंडाने श्वास घ्यावा लागतो. त्याची सवय कोणालाच नसते. विहिरीत सूर मारणाऱ्यालाही नसते. नळीत थोडे पाणी शिरले की माणूस घाबरतो आणि आधारासाठी पाय खाली टेकवतो. पायाखाली येतो तो बहुतेकांना दगड वाटतो. प्रत्यक्षात ती असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वीतभर उंचीला वीसेक वर्षे. एका टाचेखाली ती चिरडते. शिवाय पायही कापतो. प्रवाळाचे बारीक कण जखमेत राहिले तर ती चिघळते; मधुमेह असणाऱ्याने तर अशी जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांना दाखवावी.

मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले. वन्यजीव कायद्याने कठीण प्रवाळांना संरक्षणही दिले आहे. पण समुद्र तापतो आहे. पाणी नेहमीपेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातले, त्याला अन्न पुरवणारे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. अशा जागतिक विरंजनाची चौथी लाट शास्त्रज्ञांनी एप्रिल 2024 मध्ये जाहीर केली. लक्षद्वीपलाही तिचा फटका बसला. आधीच अशक्त झालेल्या प्रवाळावर पर्यटकाचा पाय पडतो तो असा.

म्हणून बोटवाल्यांनी पर्यटकांना थेट प्रवाळावर सोडू नये. आधी वाळूच्या तळावर, कमरेइतक्या पाण्यात दहा मिनिटे श्वासाचा सराव हवा. घाईच्या हंगामात ही दहा मिनिटे महाग वाटतात, पण ती टाळण्यात कोणाचेच हित नाही. मासे जमावेत म्हणून पावाचे तुकडे टाकणेही थांबायला हवे. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा कपडा बरा.

नळीतून श्वास घ्यायला जास्त जोर लागतो. हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. पाण्यात धाप लागली तर नळी काढावी, उताणे तरंगावे, हात वर करून मार्गदर्शकाला बोलवावे. लाइफ जॅकेट काढू नये.

मास्क आणि नळीची सवय सुट्टीआधी तरणतलावात करून घेता येते. शेततळ्यात मात्र मुळीच नको. त्याचा प्लास्टिकचा कागद निसरडा असतो आणि त्यातून वर येणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमत नाही.