आधी आराखडा, मग खरेदी

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २२ फारसे कुणी उघडून पाहत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा, एवढेच ते सांगत नाही. सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने आखायच्या योजनांचा आणि द्यायच्या अनुदानाचा पाया हाच आराखडा असेल, असेही त्यात लिहिले आहे. नियमांनी त्याची मुदत तीन वर्षे धरली. म्हणजे शाळेने आधी गरज सांगायची आणि पैसा तिच्या मागून यायचा, असा २००९ साली संसदेने घालून दिलेला क्रम आहे.

शाळेतल्या तंत्रज्ञानाच्या बाबतीत हा क्रम आपण नेमका उलटा करून ठेवला आहे. वर कुठेतरी संख्या ठरते, निविदा निघते, मार्चअखेर जवळ आली की खोकी शाळेच्या व्हरांड्यात उतरतात. मुख्याध्यापक पोच देतात, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करतात आणि पुढच्या आराखड्यात 'इंटरॅक्टिव्ह पॅनेल : प्राप्त' अशी ओळ घालतात. याला नियोजन म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. ही खरेदी आहे, आणि खरेदीला नियोजनाच्या जागी बसवणे हेच शाळांतली यंत्रे धूळ खात पडण्याचे मुख्य कारण आहे, असे माझे म्हणणे आहे.

समोरच्या बाजूचे म्हणणे दुबळे करून मांडण्यात अर्थ नाही, कारण ते दुबळे नाही. ते म्हणतात, नियोजनाची भाषा भरल्या पोटाची आहे. यूडायसच्या २०२३-२४च्या अहवालात देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू संगणक होता आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना 'थांबा, आधी विचार करा' असे सांगायचे, आणि तोवर शहरातल्या खासगी शाळेतली मुले पुढे निघून जायची, हा कुठला न्याय? यंत्र हाती पडले की शिक्षक शिकतील, मुले तर त्यांच्याही आधी शिकतील.

हा युक्तिवाद माणुसकीचा आहे, पण पडताळलेला आहे आणि फसलेलाही आहे. आपल्या शेजारच्या वडोदऱ्याचेच घ्या. गुजरात सरकारने २००० साली तिथल्या महापालिकेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी 'प्रथम' संस्थेने पाहणी केली तेव्हा मुलांसाठी ते जवळजवळ कुठेच वापरात नव्हते. काही कार्यालयीन कामाला लागले होते आणि बरेचसे खोक्यांतच होते, कारण ते चालवणारे कुणी नव्हते. मग त्याच संगणकांवर संस्थेने चौथीच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ ठेवले. एका संगणकावर दोन मुले आणि मदतीला एक प्रशिक्षित माणूस, अशी ती रचना होती. अभिजित बॅनर्जी आणि एस्तर दुफ्लो यांच्या चमूने त्याचे मोजमाप केले. दुसऱ्या वर्षअखेर गणितातली वाढ ०.४७ प्रमाण विचलनाइतकी भरली, आणि शिक्षणाच्या संशोधनात हा आकडा मोठा मानतात. (वर्षभराने त्यातला बराचसा परिणाम ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. यंत्राचे भक्त ते सहसा सांगत नाहीत.) संगणक तेच राहिले. मधल्या काळात बदलले ते इतकेच, की कोणत्या इयत्तेसाठी, कोणत्या विषयाला, किती वेळ आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे कुणीतरी ठरवले.

यापेक्षाही बोलका प्रयोग गुजरातच्याच 'ज्ञानशाळा' या संस्थेच्या वर्गांत झाला. लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने एकच संगणकीय कार्यक्रम दोन तऱ्हांनी लावून पाहिला. जिथे तो शिक्षकाच्या तासाची जागा घेऊन आला तिथे मुले गणितात इतरांच्या मागे पडली, तीही थोडीथोडकी नव्हे. जिथे तो शाळेच्या वेळेबाहेर जादा सराव म्हणून आला तिथे ती पुढे गेली. फरक फक्त वेळापत्रकातल्या जागेचा होता. 'आधी देऊन तर टाका, वापराचे नंतर बघू' म्हणणाऱ्यांनी हा निकाल डोळ्यांसमोर ठेवावा. चुकीच्या जागी बसवलेले यंत्र नुसते वाया जात नाही, ते मुलाचे चालू शिकणेही मोडू शकते.

मुलाच्या हाती लॅपटॉप दिला की पुरे, ही कल्पना जगभर फिरून आली. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या मोहिमेला भारताच्या शिक्षण खात्याने २००६ साली शैक्षणिक शंका उपस्थित करून नकार दिला, तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या छोट्या शाळेत तिचा एक प्रयोग झालाच. पेरू देशाने मात्र लाखोंनी लॅपटॉप घेतले. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गणितात आणि भाषेत फरक शून्य.

आपल्या राज्याचा अनुभव वेगळा नाही. केंद्राच्या आयसीटी योजनेखाली माध्यमिक शाळांत संगणक प्रयोगशाळा आल्या त्या 'बूट' पद्धतीने. कंपनीने यंत्रे आणायची, पाच वर्षे चालवायची आणि मग शाळेच्या स्वाधीन करायची. संगणक शिकवणारा निदेशकही कंपनीचाच, तुटपुंज्या मानधनावरचा. मुदत संपली की यंत्रे शाळेकडे राहिली आणि ती चालवणारा माणूस घरी गेला. या निदेशकांनी आंदोलने केली ती पोटासाठी. पण त्यांच्या मागणीत शैक्षणिक तथ्य होते, आणि ते तेव्हा कुणी ऐकले नाही. जुनी यंत्रे पाच वर्षांची झाली, बॅटऱ्या गेल्या, आणि निर्लेखनाची परवानगी कुणाकडे मागायची या प्रश्नात पुढची पाच वर्षे त्यांनी प्रयोगशाळा अडवून ठेवली. निर्लेखन हा विषय कंटाळवाणा खरा. पण ज्या योजनेत यंत्राच्या मरणाची तरतूद नसते ती योजना पहिल्या दिवसापासून अर्धी असते.

मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले. दप्तराचे ओझे कमी करायचे, पाठ्यक्रम टॅबमध्ये भरायचा, असा हेतू होता. तो चांगलाच होता. पण २०१७ला नववीची आणि २०१८ला आठवीची व दहावीची पुस्तके बदलली. पुस्तके बदलणार हे गुपित नव्हते. टॅबचे आयुष्य आणि पाठ्यक्रमाचे आयुष्य एका कागदावर शेजारी शेजारी मांडायला कितीसा वेळ लागला असता?

आता बालचित्रवाणीबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण नियोजनाचा अभाव तिथे सर्वांत महाग पडला आहे. पुण्यात १९८४ साली सुरू झालेली ही संस्था मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवत असे. दूरदर्शनवर ते पाहत एक पिढी वाढली. तिच्याकडे स्टुडिओ होता, तंत्रज्ञ होते, संहिता लिहिणारे शिक्षक होते, हजारो कार्यक्रमांचा साठा होता. केंद्राचा निधी आटला, राज्याने हात आखडता घेतला, कर्मचाऱ्यांचे पगार रखडत गेले, आणि २०१७ मध्ये संस्थेला टाळे लागले. गंमत म्हणावी की दुर्दैव, त्याच वर्षी 'दीक्षा' हा राष्ट्रीय मंच सुरू झाला आणि पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापायचे ठरले. कोड स्कॅन केल्यावर मुलाला जे दिसायचे ते बनवण्याचा अनुभव ज्यांच्याकडे होता, त्यांना आपण त्याच सुमारास घरी पाठवले. तीन वर्षांनी करोना आला. सह्याद्री वाहिनीवर मुलांसाठी 'टिलीमिली' मालिका लागली ती एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनची, आणि ती गोड होती. पण स्वतःची तेहेतीस वर्षांची संस्था असलेल्या राज्याला २०२० साली नव्याने सुरुवात करावी लागली, याचा जाब कुणी कुणाला विचारला नाही. यंत्रे विकत मिळतात. मराठीतून दुसरीच्या मुलाला हातच्याची बेरीज पडद्यावर समजावणारा माणूस बाजारात मिळत नाही, तो घडवावा लागतो.

दुसरा आक्षेप माझ्या बाजूच्याच लोकांकडून येतो, म्हणून तो अधिक टोचतो. ते म्हणतात, नियोजन हवे कशाला? महाराष्ट्रात जे चांगले घडले ते आराखड्यावाचूनच घडले. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने डिजिटल वर्ग उभा केला आणि राज्यभरचे शिक्षक तो पाहायला गेले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. यांना कुणी निर्देश दिले होते? गुरुजींना मोकळे सोडा, तुमच्या आराखड्याच्या रकान्यांनी त्यांचा गळा आवळू नका.

यातले अर्धे मला पूर्ण मान्य आहे. आधीच सरलपासून हजेरीच्या चॅटबॉटपर्यंत माहिती भरता भरता शिक्षकाचा तास जातो. शाळेतल्या तंत्रज्ञानाचा सर्वांत नियमित वापर वरच्या कार्यालयाला आकडे पुरवण्यासाठी होतो, हे लाजिरवाणे वास्तव आहे. नियोजन म्हणजे आणखी एक ऑनलाइन तक्ता असेल तर मीही या आक्षेपकांच्या रांगेत उभा राहीन. पण पष्टेपाडा आणि परितेवाडी बिननियोजनाची होती, हे मात्र खोटे. तिथे नियोजन शिक्षकाच्या डोक्यात होते. कोणत्या मुलाला काय अडते हे ठाऊक असलेल्या माणसाने साधन निवडले होते, म्हणून ते चालले. पुढे लाट आली ती साधनाची. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, फिती कापल्या गेल्या, 'आमची शाळा डिजिटल शाळा' असे फलक भिंतीवर चढले. डोक्यातले नियोजन मात्र लोकवर्गणीतून येत नाही. आणि त्या शिक्षकाची बदली झाली की ते त्याच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जाते. कागदावरचा आराखडा हवा तो याचसाठी, की गुरुजी गेल्यावरही शाळेला आठवावे ते यंत्र कशासाठी घेतले होते.

तिसरा पक्ष पडदाच नको म्हणणाऱ्यांचा. स्वीडनने २०२३ मध्ये छापील पुस्तकांकडे मोर्चा वळवला, तेव्हापासून या पक्षाला बळ आले आहे. पण स्वीडनमध्ये पडदे फार झाले होते. आपल्याकडे वीजबिल थकले म्हणून शाळेचे मीटर कापल्याच्या बातम्या येतात. शिवाय मुले पडद्यापासून दूर नाहीतच. 'असर' २०२४च्या पाहणीत, ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केलेली मुले ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमे पाहिलेली ७६. शाळेने हात झटकले तर ही दरी कोण बुजवणार?

मग करायचे काय? केरळकडे पाहावे, पण तिथल्या पॅनेलांच्या संख्येकडे नव्हे. तिथे आयटी@स्कूल प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला आणि वर्गखोल्या मोठ्या प्रमाणावर हायटेक करण्याची योजना आली २०१८ मध्ये. मधली सोळा-सतरा वर्षे माणसांवर खर्च झाली. शाळेतल्याच शिक्षकांतून प्रशिक्षक तयार झाले, प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे या कामाची जबाबदारी आली, विषयाला वेळापत्रकात तास आणि दहावीला प्रात्यक्षिक परीक्षा मिळाली. मुक्त सॉफ्टवेअर घेतल्याने परवान्यांचा खर्च टळला आणि मल्याळममधून हवे तसे बदल करता आले. मग ४५,००० वर्गखोल्यांची खरेदी झाली. पुरवठादाराकडून पाच वर्षांची हमी लिहून घेतली गेली, तक्रारीला मुदत लागली, यंत्रांचा विमा उतरवला गेला आणि 'लिटल काइट्स' या मुलांच्या मंडळांना हाताशी धरले गेले. केरळ श्रीमंत म्हणून जमले, असे म्हणणाऱ्यांनी हिशेब उलटा करून पाहावा. सुरुवातीची ती वर्षे स्वस्तातली होती.

महाराष्ट्रात यासाठी नवे मंडळ, नवे पोर्टल, नवे बोधवाक्य काहीही लागत नाही. कलम २२चा आराखडा आहे, केंद्रप्रमुख आहेत, गटसाधन केंद्र आहे, डाएट आहे. हवी आहे ती कामाची वाटणी. घाऊक दर, इंटरनेट, मराठी आशय, जुन्या यंत्रांचे निर्लेखन आणि तालुक्याला एक पगारी दुरुस्तीवाला ही कामे एकट्या शाळेला झेपणारी नाहीत. ती सरकारने अंगावर घ्यावीत. कोणत्या वर्गाच्या कोणत्या तासाला काय वापरायचे हे मुंबईहून ठरवता येत नाही. ते शाळेने ठरवावे. आणि चालू खर्च पहिल्या पानावर यावा. तीस पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्यात खडू, रंगरंगोटी, स्वच्छता सगळेच बसवायचे. अशा शाळेला लाखाचे पॅनेल देताना त्याचे वीजबिल कोणत्या शीर्षातून भरायचे हे न सांगणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणेच.

गावातल्या समितीला तंत्रज्ञानातले काय कळते, असा शेवटचा प्रश्न कार्यालयांतून हमखास येतो. प्रोसेसरचा वेग तिला कळायची गरज नाही, तो घाऊक खरेदी करणाऱ्याने पाहावा. समितीने सांगायचे आहे ते असे: आमच्या चौथीतल्या निम्म्या मुलांना भागाकार येत नाही, सकाळी अर्धा तास जादा सराव ठेवता येईल, अंगणवाडी ताई तेवढा वेळ बसायला तयार आहेत, चार चालू यंत्रे पुरतील, दोन आमच्याकडे बंद पडून आहेत. पाचच ओळी, पण त्यातून खरेदीही ठरते आणि तीन वर्षांनी काय तपासायचे तेही. पुढच्या वर्षीचे अनुदान असल्या कागदांवरून वाटले जावे. आणि ज्या शाळेने 'प्रोजेक्टर नको, आहे त्याची दुरुस्ती करून द्या' असे लिहिले असेल, तिच्या व्हरांड्यात मार्चमध्ये प्रोजेक्टर उतरवू नये.