डबा, दगड आणि जास्वंद

आमच्या गल्लीत सध्या सर्वांत जोमानं वाढणारी वनस्पती म्हणजे सिमेंट भरलेला रंगाचा डबा. वीस लिटरचा रिकामा डबा, त्यात काँक्रीट, मधोमध रोवलेला पाइप आणि पाइपाच्या टोकाला ‘नो पार्किंग’ची पाटी. याला पाणी लागत नाही, ऊन लागत नाही, आणि रात्रीतून नवे फुटवे येतात. डबा परवडत नाही ते दगड ठेवतात. दगडही जड होतो ते मोडकी खुर्ची ठेवतात. रस्ता महापालिकेचा, पण दारासमोरचा रस्ता आपला, ही आमच्याकडची अलिखित घटना आहे.

बी विंगमधल्या एका गृहस्थांनी गेल्या महिन्यात या परंपरेत सुधारणा केली. डब्याला कुणी हरकत घेऊ शकतं, कुंडीला कोण घेणार? कुंडी म्हणजे पर्यावरण. त्यांनी मोठ्या सिमेंटच्या कुंड्या आणल्या, त्यांत जास्वंद लावली आणि स्वतःची गाडी बाहेर गेली की गाडीच्या जागेत कुंड्या सरकवायला सुरुवात केली. या आठवड्यात समोरच्या सोसायटीतली एक गाडी रिव्हर्स घेताना एक जास्वंद चिरडून गेली. त्यानंतर गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं ते छापण्यासारखं नाही. जास्वंद, ड्रायव्हिंग लायसन्स, संस्कार आणि कुणाच्या तरी सुनेचा मध्यंतरीचा एक मेसेज, असा प्रवास झाला.

म्हणून सभा. पाण्याच्या टाकीवर स्वरचित चारोळी लावणाऱ्या आमच्या सेक्रेटरींच्या नोटिशीची भाषा अशी: ‘विषय : आपली गल्ली, सुरक्षित, व हरित’. स्वल्पविराम त्यांचेच.

पहिला मुद्दा गतिरोधकाचा. गतिरोधक हवा यावर दोन्ही सोसायट्यांचं एकमत झालं. असं एकमत गल्लीनं फार वर्षांनी पाहिलं. मग प्रश्न आला, कुणाच्या दारासमोर? रात्री प्रत्येक गाडी तिथं धडधडणार म्हटल्यावर प्रत्येकाच्या घरात एक हृदयरोगी निघाला. खरं तर एक गतिरोधक आमच्याकडे आधीच आहे. कुणाच्या तरी बांधकामातला उरलेला माल कुणीतरी रात्री आडवा ओतला, इतकाच त्याचा इतिहास. आमचे निवृत्त इंजिनिअरसाहेब त्याच्याकडे पाहून दरवेळी कळवळतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे गाडी साधारण ताशी 25 किलोमीटरच्या वेगानं सुखरूप ओलांडते. शिवाय आधी पाटी हवी, वर पट्टे हवेत. आमचा वीतभर रुंद आणि जवळजवळ तेवढाच उंच. त्यावरून रिक्षा गेली की आतल्या माणसाचा मणका आधी जातो.

वेगानं जातं कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नववीतला एक मुलगा, वडिलांची मोटारसायकल. वडील सभेत होते. म्हणाले, “तो फक्त गल्लीतच चालवतो.” जणू गल्लीत कुणी राहतच नाही. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे इंजिनिअरसाहेबांनी सांगितलं. वडिलांनी लगेच हरित विषयाकडे वळण्याची सूचना मांडली. ती मंजूर झाली.

झाडं सगळ्यांनाच हवीत. फक्त पानं पडायला नकोत, गाडीवर पाखरांनी काही करायला नको, मुळांनी कंपाउंड उचलायला नको, गॅलरीतलं ऊन अडायला नको, क्लासच्या पाटीसमोर फांदी यायला नको आणि बकुळीसारखं बारीक फूल नको, कारण ते वायपरमध्ये अडकतं. एका ज्येष्ठ सभासदांनी कृत्रिम हिरवळीचा पर्याय सुचवला. धुता येते म्हणाले. दोघांनी मान डोलावली, त्यांची नावं मी मनात लिहून ठेवली आहेत.

पानांच्या या तक्रारीचा मला फार संताप आहे. कोपऱ्यावरचा आमचा करंज वर्षातून एकदा पानगळ करतो आणि लगेच पोपटी पालवीनं भरून जातो. तेवढ्या दिवसांत लोक त्याच्याकडे थकबाकीदाराकडे बघावं तसं बघतात. गल्ली झाडणाऱ्या ताईंना मी विचारलं, पाल्याचा फार त्रास होतो का? त्या म्हणाल्या, “पाल्याचं काय नाय ओ मॅडम. पाल्याखाली तुमी लोक काय काय दडवता, त्याचा होतो.” हे वाक्य मी सभेत सांगितलं. टाळ्या पडल्या. दडवणाऱ्यांनीही वाजवल्या.

त्या करंजाच्या बुंध्याला गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत. झाडाभोवती निदान एक मीटर जागा मोकळी ठेवा, सिमेंट काढा, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत सांगितलं होतं. पावसाचं पाणी जिरायला आणि मुळांना श्वास घ्यायला तेवढी तरी माती हवी. नाहीतर वरून हिरवंगार दिसणारं झाड एखाद्या जुलैत आडवं होतं आणि मग आपण म्हणतो, झाड धोकादायक होतं. सोनमोहर, गुलमोहर यांची तर लाकडंच ठिसूळ, त्यांना असं आवळून ठेवणं म्हणजे खालच्या गाड्यांवर सूड उगवण्यासारखं आहे.

ब्लॉकवरून आठवलं. माझी भाची नेदरलँड्सला, ॲम्सटलव्हेनला असते. तिकडे फरश्या उखडण्याची स्पर्धा असते. 2020 मध्ये ॲम्स्टरडॅम आणि रॉटरडॅम यांच्यात लागली आणि पुढच्या वर्षापासून देशभरच्या नगरपालिका त्यात उतरल्या. ज्या गावचे लोक जास्त फरश्या काढून तिथं झाडं लावतील ते गाव जिंकलं. स्पर्धेला आपण उतरलो तर पहिला अर्धा भाग आपणच जिंकू. फेब्रुवारी-मार्च आला की महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात धडधाकट ब्लॉक उखडले जातात. आपण फक्त त्या जागी पुन्हा ब्लॉक बसवतो, एवढाच नियमभंग.

सभेच्या आदल्या रात्री भाचीनं फोटो पाठवला. “मावशी, इथं कुंड्या रस्त्यातच ठेवतात. मुद्दाम!” फोटोत घरांमधला रस्ता सरळ नव्हताच. एकदा डावीकडे झाड, मग उजवीकडे फुलांचा वाफा, मध्ये बाक, आणि गाडीला वळत वळतच जावं लागेल अशी वाट. याची सुरुवात 1960 च्या दशकाच्या अखेरीस डेल्फ्ट गावात झाली, 1976 मध्ये कायद्यानं त्याला मान्यता मिळाली. ‘वोनएर्फ’ म्हणतात. अशा रस्त्यात मुलांनी भररस्त्यात खेळायचं आणि गाडीनं माणसाच्या चालीनं जायचं. हे त्यांना सुखासुखी सुचलं असं नाही. 1971 या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेंच्या वर मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले.

फोटो मी सभेत फिरवला आणि इंजिनिअरसाहेब उठून खिडकीशी गेले. खालच्या कुंड्यांकडे बघत म्हणाले, “अहो, हे तर आपल्याकडे झालेलंच आहे.” बी विंगच्या कुंड्या रस्त्यात आल्यापासून तिथं कुणालाच सुसाट जाता येत नाही. मोटारसायकलवाला नववीचा विद्वानही ब्रेक दाबतो. शाळेची व्हॅन हळू होते. दोन कुंड्यांच्या मधल्या जागेत पोरं लगोरी मांडतात. पार्किंग अडवण्याच्या शुद्ध स्वार्थातून जे झालं, ते वीतभर गतिरोधकाला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. तेव्हा कुंड्या हटवायच्या कशाला? एक डावीकडे, एक उजवीकडे, अशा रीतसर परवानगी घेऊन मांडाव्यात, डबे-दगड काढावेत, पाणी घालायला घरटी पाळी लावावी. आगीच्या बंबाला वाट सुटेल इतकं अंतर इंजिनिअरसाहेबांनी तिथंच कागदावर काढलं.

पैशाचंही होईल. पुण्यात 2006 पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात, एका कामाला पाच लाखांपर्यंत. आम्ही आजवर काय सुचवलं? बाकडी. आमच्या भागात बसणाऱ्यांपेक्षा बाकडी जास्त आहेत. काही तर भिंतीकडे तोंड करून आहेत. यंदा बाकड्यांऐवजी करंजाचं आळं आणि मातीचे वाफे मागावेत, असं मी म्हटलं. कुणी विरोध केला नाही. त्याचं कारण नंतर कळलं, लोक मनात गाड्या मोजत होते.

कारण कागदावरच्या त्या वळणांसाठी पार्किंगच्या चार जागा जात होत्या. कुणाच्या चार, हे विचारताच चहा आला. चहाबरोबर कळलं की समोरच्या सोसायटीला ही कल्पना फार आवडली आहे, आणि वळणं आमच्या बाजूला हवी आहेत. आमच्या सोसायटीलाही फार आवडली आहे, वळणं त्यांच्या बाजूला. चिरडलेल्या जास्वंदीची भरपाई हा मूळ विषय कुणालाच आठवला नाही, गृहस्थांनाही नाही. ते कुंड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला राहतील यावर अडून बसले होते.

शेवटी मी उठले. माझ्याकडे गाडी नाही. तेव्हा माझ्या दारासमोरची जागा मी गल्लीच्या मुलांसाठी देते, असं जाहीर केलं. बऱ्यापैकी भाषण केलं, एकदा आवाजही भरून आला. सेक्रेटरींनी आभाराचा ठराव घेतला, स्वल्पविरामांसकट. उरलेल्या तीन जागांसाठी पुढची सभा रविवारी आहे. माझ्या जागेत रोज सेक्रेटरींच्या जावयाची गाडी उभी असते, आणि हे अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही.