खेड्याचा थांबा कोणी पुसला?

इंग्लंडमधल्या खेड्याचं एक चित्र आपल्या मनात पक्कं बसलं आहे. मधाच्या रंगाच्या दगडी घरांची ओळ, गवताने शाकारलेली छपरं, चर्चचा मनोरा, ओढ्यावरचा बुटका पूल. आणि या सगळ्याला हजार वर्षांत कोणाचा हात लागलेला नाही. चित्राबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या पाठोपाठ जो युक्तिवाद गुपचूप आत शिरतो, त्याबद्दल आहे. तो असा की ही खेडी मुळात एकाकी आणि स्वयंपूर्ण होती. रस्ते, कालवे, रेल्वे बाहेरून येऊन त्यांच्यावर आदळले. पुढे गावकऱ्यांनी मोटारी घेतल्या, गाड्या रिकाम्या धावू लागल्या आणि काळाच्या ओघात रेल्वे गेली, बसही गेली. यातलं एकही विधान इतिहासापुढे टिकत नाही.

एकाकीपणापासून सुरुवात करू. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांमधल्या चिपिंग कॅम्डनच्या नावातला ‘चिपिंग’ म्हणजेच बाजार. तिथल्या चर्चमध्ये विल्यम ग्रेव्हल या लोकर व्यापाऱ्याचा १४०१ चा पितळी स्मृतिलेख आहे, आणि त्यात त्याला साऱ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांचं भूषण म्हटलं आहे. या टेकड्यांवरची लोकर समुद्रापलीकडे फ्लँडर्स आणि इटलीपर्यंत जात होती. ती चर्चं, त्या हवेल्या उभ्या राहिल्या त्या याच पैशावर. आता घरांचा तो दगड घ्या. लांबचा माल गाडीने ओढून आणणं परवडत नव्हतं, म्हणून शेजारच्या खाणीतला दगड लागला. ज्याला आपण स्थानिक शैली म्हणून वाखाणतो, ती अर्ध्याहून अधिक वाहतुकीच्या भाड्याने ठरवलेली आहे. पुढे कालवे आणि रेल्वे पोहोचल्यावर कितीतरी गावांत वेल्सची पाटीच्या दगडाची कौलं आणि भट्टीतल्या विटा आल्या. त्या गावांचं रूपही तितकंच अस्सल इंग्लिश आहे.

याहून बोलकं उदाहरण स्टिल्टनचं. लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या ‘ग्रेट नॉर्थ रोड’वरचं हे गाव. तिथल्या बेल नावाच्या सराईत अठराव्या शतकात कूपर थॉर्नहिल हा मालक निळ्या शिरांचं एक चीज विकत असे. ते यायचं मुख्यतः लेस्टरशरकडून. घोडे बदलायला थांबलेल्या टपागाड्यांतले उतारू ते खायचे, बांधून न्यायचे, आणि गावाचं नाव चीजला कायमचं चिकटलं. आज कायद्याने हे चीज डार्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीनच परगण्यांत बनवता येतं. स्टिल्टन आहे केंब्रिजशरमध्ये. म्हणजे ज्या गावाचं नाव जगभरच्या दुकानांत पोहोचलं, त्या गावाला त्या नावाचं चीज करता येत नाही. ते नाव गावाला शेतीने मिळवून दिलेलं नाही, रस्त्याने दिलं आहे.

त्या रस्त्याची मूळ जबाबदारीही गावांचीच होती. १५५५ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपापल्या हद्दीतल्या रस्त्यांची डागडुजी सोपवली. गावकऱ्यांनी वर्षाला चार दिवस, आणि १५६३ पासून सहा दिवस, विनामोबदला राबायचं. पण मोठ्या रस्त्यावर चाकं परमुलखाची आणि चिखल उपसणारे हात गावाचे, हे किती दिवस चालणार? म्हणून १६६३ मध्ये पहिला टोल कायदा झाला आणि वेड्समिल, कॅक्स्टन व स्टिल्टन अशी तीन नाकी मंजूर झाली. इंग्लंडमधल्या टोलची पहिली पावलं खेड्यांच्या वेशीवर उमटली ती अशी. जगापासून तुटलेल्या गावाच्या वेशीवर टोलनाकं कोण मागेल?

रेल्वेने खेड्यांचं भलंच केलं, असा माझा दावा नाही. १८५० मध्ये लंडन ते पीटरबरो थेट लोहमार्ग सुरू झाला, तो स्टिल्टनला बाजूला ठेवून गेला, आणि टपागाड्यांवर जगणाऱ्या सराया ओस पडल्या. रेल्वेने मजुरांची तरुण पोरंही शहरांकडे नेली. तरीही १८४४ चा ग्लॅडस्टनचा कायदा मला त्या शतकातल्या मोलाच्या कायद्यांपैकी वाटतो. मैलाला एक पेनी भाडं, आणि दिवसातून निदान एक गाडी अशी, की जी प्रत्येक स्टेशनवर थांबेल. कंपन्या खासगी होत्या, नफा त्यांचा होता. पण खेड्यातल्या माणसाचा गाडीवरचा हक्क संसदेने लिहून दिला होता.

आता ‘काळाच्या ओघात’ या शब्दांकडे येऊ. मला खरा राग आहे तो यांचाच.

२७ मार्च १९६३ रोजी ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. २,३६३ स्टेशनं आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करावेत, अशी त्यात शिफारस होती. एकतृतीयांश मार्गांवर एकूण प्रवासी वाहतुकीच्या जेमतेम एक टक्का वाहतूक होते, हा त्यातला सर्वांत वजनदार आकडा. आकडा खोटा नव्हता. काही फाटे मुळातच दोन कंपन्यांच्या चढाओढीतून निघाले होते आणि ते मिटले याचं दुःख करण्याचं कारण नाही. पण वाहतुकीची मोजदाद झाली ती एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्याची. उन्हाळ्याच्या सुटीत समुद्रकाठच्या गावांकडे लोटणारी गर्दी त्यात येणार कुठून? शिवाय असं गृहीत धरलं की फाटा बंद झाला तरी माणसं मोटारीने वा बसने मोठ्या स्टेशनपर्यंत येतील आणि पुढे रेल्वेनेच जातील. एकदा घरातून मोटार काढलेला माणूस ती वाटेत स्टेशनाबाहेर का ठेवेल? तो तिनेच मुक्कामाला गेला. आणि ज्याच्याकडे मोटार नव्हती तो घरी बसला.

उलट बाजूची दंतकथाही मला मान्य नाही. बीचिंग नावाच्या एका खलनायकाने सगळं उद्ध्वस्त केलं, असं अजूनही कळवळून सांगितलं जातं. १९५० ते १९६२ दरम्यान सुमारे तीन हजार मैल त्यांच्याआधीच बंद झाले होते. १९६४ मध्ये हे थांबवू असं म्हणत मजूर पक्ष निवडून आला आणि त्याच्याच राजवटीत कितीतरी स्टेशनांना कुलूप लागलं. सामाजिक गरजेच्या मार्गांना अनुदान देण्याचं कलम यायला १९६८ उजाडलं. एका माणसाच्या माथी सगळं मारलं की बाकीच्या सह्या विसरल्या जातात.

ॲडलस्ट्रॉपचं उदाहरण मला विसरता येत नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली त्याच १८५३ साली या चिमुकल्या गावाला स्टेशन मिळालं. २४ जून १९१४ रोजी कवी एडवर्ड थॉमस यांची गाडी तिथे थांबली आणि त्या काही क्षणांवरच्या कवितेने गाव अजरामर केलं. जानेवारी १९६६ मध्ये स्टेशन बंद झालं; कॅम्डनचंही त्याच महिन्यात. मार्ग मात्र चालू आहे. लंडन आणि वुस्टरदरम्यानच्या गाड्या आजही तिथून जातात. स्टेशनावरची नावाची पाटी गावातल्या बसथांब्याच्या शेडमध्ये नेऊन लावली आहे.

आणि बस? १९८५ च्या कायद्याने ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरच्या बसमार्गांवरचं नियंत्रण उठलं. स्पर्धेने भाडी उतरतील, प्रवासी वाढतील, असं सांगितलं गेलं. लंडनमध्ये मार्ग आणि भाडी सरकारी यंत्रणेकडेच राहिली आणि तिथले प्रवासी पुढच्या दशकांत वाढले. बाहेर ते घटत गेले. कंपन्यांनी गर्दीचे मार्ग उचलले. खेड्यांच्या फेऱ्या स्थानिक कौन्सिलच्या पैशावर राहिल्या आणि २०१० नंतर तो पैसा आटला. वृद्धांना २००८ पासून देशभर मोफत बसपास मिळतो. पण ज्या गावात आठवड्याला एकच बस येते, तिथल्या आजीला त्या पासाचा उपयोग किती? ‘गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एसटी’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी, तोट्यातल्या फेऱ्यांचा विषय निघाला की, इंग्लंडचा हा अनुभव समोर ठेवायला हवा.

हे उलटवता येतं याचाही पुरावा आहे. डेव्हनमधल्या ओकहॅम्प्टनची नियमित प्रवासी गाडी १९७२ मध्ये बंद झाली होती. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ती पुन्हा सुरू झाली आणि अंदाजापेक्षा कितीतरी जास्त प्रवासी मिळाले. ते शक्य झालं, कारण जवळच्या मेल्डनच्या खाणीतून खडी नेण्यासाठी रूळ जागेवर राहिले होते. दगडाला गाडी लागत होती म्हणून माणसांचा मार्ग वाचला. मेल्डनच्या पलीकडे लिडफर्ड, ब्रेंटर या गावांची आणि टॅव्हिस्टॉकची गाडी १९६८ मध्येच गेली आणि रूळही उखडले गेले. टॅव्हिस्टॉकला प्लिमथशी पुन्हा जोडण्याचा प्रस्ताव बंद मार्गांच्या पुनरुज्जीवनाच्या योजनेत होता. जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने खर्च वाचवण्यासाठी ती योजनाच रद्द केली.