सुरक्षा परिषद बदलायची, तर आधी मसुदा टेबलावर ठेवा

8 डिसेंबर 2023 रोजी गाझात युद्धविराम व्हावा असा ठराव सुरक्षा परिषदेपुढे आला. 15 पैकी 13 सदस्य बाजूने होते, ब्रिटन तटस्थ राहिला. विरोधात एकट्या अमेरिकेचा हात वर गेला आणि ठराव पडला. 25 फेब्रुवारी 2022 रोजी युक्रेनविषयीचा ठरावही असाच पडला होता. तेव्हा 11 देश बाजूने होते आणि विरोधात फक्त रशिया, म्हणजे आक्रमण करणारा देशच. गाझासाठी ज्यांचे काळीज तुटते त्यांनी युक्रेन विसरू नये, आणि युक्रेनसाठी हळहळणाऱ्यांनी गाझा. जालीम कोण आहे हे पाहून आपला इन्साफ बदलत असेल, तर त्या पाच बड्या देशांत आणि आपल्यात फरक काय?

असे काही घडले की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येते, ‘युनो काय कामाची?’ हा राग रास्त आहे. पण ही परिषद बदलण्याची चर्चा नेमकी कुठे अडली आहे, हे आपण क्वचितच विचारतो.

1945 मध्ये राष्ट्रसंघाचे 51 सदस्य होते, आज 193 आहेत. कायम सदस्य मात्र पाचच. 54 देशांच्या आफ्रिकेला एकही कायम जागा नाही. आमसभेने 1993 मध्ये या प्रश्नासाठी कार्यगट नेमला. 2009 पासून सदस्य देशांच्या सरकारांमध्ये वाटाघाटी सुरू आहेत. दरवर्षी भाषणे होतात आणि विषय पुढच्या वर्षावर ढकलला जातो.

याचे कारण वाटाघाटींच्या पद्धतीतच आहे. ओळीओळीने चर्चा करता येईल असा सर्वांनी स्वीकारलेला एक मसुदा नाही, मतदान नाही, मुदत नाही, अधिकृत इतिवृत्त नाही. 2023 पासून बैठकांचा काही भाग जगाला पाहता येतो, एवढीच काय ती सुधारणा. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचेसुद्धा इतिवृत्त लिहून त्यावर सह्या होतात. इथे ज्याला बदल नको आहे, त्याला उघड विरोध करण्याची गरजच पडत नाही. ‘अजून एकमत झालेले नाही’ एवढे म्हटले की काम भागते.

हे बदलता येते, याला इतिहासाचा पुरावा आहे. डिसेंबर 1963 मध्ये परिषद 11 वरून 15 सदस्यांची करण्याचा ठराव आमसभेत मताला टाकला गेला. बाजूने 97, विरोधात 11. सोव्हिएत संघ आणि फ्रान्स विरोधात होते, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ. तरीही 1965 पर्यंत पाचही कायम सदस्यांना त्याला मान्यता द्यावी लागली, कारण आशिया-आफ्रिकेचे बहुमत कागदावर उमटले होते. त्या बदलाने नकाराधिकाराला हात लावला नव्हता, हे खरे. तो काढणे याहून कितीतरी अवघड आहे. पण निदान रस्ता कोणता, हे त्यातून कळते.

इटली, पाकिस्तान यांसारख्या देशांचा आक्षेप आहे की, नवे कायम सदस्य नेमले तर मक्तेदारांची संख्याच वाढेल, आणि घाईने मतदान घेतले तर फूट पडेल. पहिल्या मुद्द्यात दम आहे. मग तो मसुद्यात लिहा, आपल्या देशाच्या नावानिशी लिहा. 30 वर्षांनंतरही ‘घाई’ हा शब्द मात्र पटत नाही.

57 देशांची इस्लामिक सहकार्य संघटना मुस्लिम जगाला पुरेसे प्रतिनिधित्व मागते. पण तिच्यातच पाकिस्तान आणि तुर्की नव्या कायम जागांच्या विरोधात आहेत, तर तिचे आफ्रिकी सदस्य आफ्रिकेसाठी दोन कायम जागा मागतात. लेखी मसुदा आला, की कोण खरोखर काय मागतो ते मुस्लिम जनतेलाही दिसेल. मला धर्माच्या नावाची खुर्ची नको आहे. पॅलेस्टिनी असो वा युक्रेनी, त्याचा प्रश्न एका हाताने बंद होणार नाही अशी व्यवस्था हवी आहे.

भारत कायम जागा मागतो आणि लेखी मसुद्यावर चर्चा व्हावी असेही म्हणतो. या दोन मागण्यांपैकी दुसरी आधी लावून धरावी. सनदेच्या कलम 108 नुसार दोन तृतीयांश, म्हणजे 129 देशांची मते लागतात. आपल्या जागेपुरते बोलून ती मिळणार नाहीत. सगळ्यांसाठी उघडी आणि न्याय्य प्रक्रिया मागितली, तर लहान देशही सोबत उभे राहतील.