युद्धयंत्रांच्या प्रतिकृति व आमचे विद्यार्थी

गेल्या कांहीं वर्षांत विद्यार्थ्यांच्या हस्तकौशल्याच्या प्रदर्शनांत एक नवीन प्रकार दिसूं लागला आहे. पूर्वीं ज्या मेजावर पुठ्ठ्याचीं घरें, मातीचीं फळें व भरतकामाचे रुमाल मांडलेले असत, त्याच मेजावर आतां रणगाडे व लढाऊ विमानें यांच्या प्लॅस्टिकच्या हुबेहूब प्रतिकृति दिसतात. मोठीं माणसें त्या पाहून थबकतात. लहान मुलें तर तेथून हलत नाहींत. परंतु त्याचबरोबर कांहीं पालक व कांहीं सहकारी शिक्षक असें विचारतात कीं, ज्या शाळेचा दिवस प्रार्थनेनें सुरू होतो, त्या शाळेनें संहाराचीं यंत्रें मेजावर मांडून त्यांचें कौतुक करावें काय? हा प्रश्न योग्य आहे, व तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर यथामति देण्याचें या लेखांत आम्हीं योजिलें आहे.

ज्यांस या छंदाची माहिती नाहीं त्यांच्याकरितां प्रथम त्याचें स्वरूप सांगणें अवश्य आहे. पॉलिस्टायरीन नांवाचें प्लॅस्टिक तापवून पातळ करितात व तें पोलादी सांच्यांत मोठ्या दाबानें भरतात. तें थंड झालें म्हणजे पंख, चाकें, तोफेची नळी असे पुष्कळ लहानमोठे भाग काड्यांच्या एका चौकटीस लागलेले असे बाहेर पडतात. हाच संच पेटींत घालून विकतात. घेणारानें प्रत्येक भाग चौकटीपासून अलगद कापावा, त्याचा कांठ कानशीनें व काचकागदानें घासावा, भाग एकमेकांत नीट बसतात कीं नाहीं हें कोरडेच जुळवून पाहावें, व मग ते जोडावे. जोडण्यास जो द्रव वापरितात तो डिंकासारखा नुसता चिकटत नाहीं. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग क्षणभर विरघळवितो, आणि त्यामुळें दोन्ही भाग एकजीव होतात. म्हणूनच थेंबभर द्रव अधिक पडला तर आठवड्याचें काम बिघडतें. विमानाच्या पोटांतील बैठक व उपकरणें पोट बंद करण्यापूर्वींच रंगवावीं लागतात, कारण मागाहून तेथें कुंचला पोंचत नाहीं. रंगाचा पहिला हात सुकल्यावांचून दुसरा देतां येत नाहीं. ज्या मुलास घाई आहे त्याला हा छंद पावलोपावलीं शिक्षा करितो, व ज्याला धीर आहे त्याला बक्षीस देतो. उपदेशाचे चार तास जें करूं शकत नाहींत तें येथें एक कानस करिते.

यांत गणितही आहे. विमानांच्या प्रतिकृतींत १/७२ हें प्रमाण फार प्रचलित आहे. याचा अर्थ असा कीं, खऱ्या वस्तूचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच. ज्या स्पिटफायर विमानाच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच होता तें या प्रमाणांत सहा इंचांहून किंचित् अधिक भरतें; आणि त्यांत बसणारा सहा फूट उंचीचा वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. हा एक इंचाचा मनुष्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याच्याकडे आम्हांस पुन्हां यावयाचें आहे.

या छंदाचा इतिहासही मननीय आहे. प्लॅस्टिकचे असे संच इंग्लंडांत १९३६ सालीं 'फ्रॉग पेंग्विन' या नांवानें निघाले. पुढें दुसरें महायुद्ध पेटलें, तेव्हां विमानांच्या प्रतिकृति केवळ खेळण्याच्या वस्तु राहिल्या नाहींत. १९४२ सालीं अमेरिकेच्या आरमारानें देशांतील शाळांच्या विद्यार्थ्यांकडून पांच लक्ष लांकडी प्रतिकृति मागविल्या. विमानांचे प्रकार ५० व प्रत्येक प्रकाराच्या प्रतिकृति १०,०००. आकाशांत विमान दिसतांच तें आपलें कीं परकें हें ओळखण्याचा सराव सैनिकांस व्हावा, हा त्यांतील हेतु होता. १/७२ प्रमाणाची प्रतिकृति ३५ फुटांवर धरिली म्हणजे ती २,५२० फुटांवरील, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मैलावरील, खऱ्या विमानाएवढी दिसते. तेव्हां शाळेच्या मेजाचा व रणभूमीचा संबंध आजच्या मुलांनीं नव्यानें जोडला आहे असें नाहीं.

युद्धानंतरची एक गोष्ट तर ख्रिस्ती वाचकांस विशेष वाटेल. एअरफिक्स ही या धंद्यांतील प्रख्यात कंपनी १९३९ सालीं निकोलस कोव्ह यांनीं लंडन येथें स्थापिली. आरंभीं ती हवा भरावयाचीं रबरी खेळणीं करी, व युद्धानंतर केंस विंचरण्याच्या फण्या. १९४९ सालीं तिनें फर्ग्युसन कंपनीच्या विक्रेत्यांकरितां एका ट्रॅक्टराची प्रतिकृति तयार केली, व तीच पुढें सुट्या भागांच्या संचाच्या रूपानें विकली. नंतर १९५२ सालीं 'गोल्डन हाइंड' हें जुनें जहाज आलें, व त्याच्या पाठोपाठ स्पिटफायर विमान. यशया संदेष्ट्यानें तरवारी मोडून त्यांचे फाळ होतील असा दिवस पाहिला होता. येथें फाळ ओढणारें यंत्र अगोदर आलें व तरवार मागाहून आली! दोष केवळ कारखानदाराचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ट्रॅक्टर व लढाऊ विमान शेजारीं शेजारीं मांडून मुलाचा हात कोणत्या पेटीकडे जातो हें कोणीही पाहावें, म्हणजे दोष कोठें आहे तें कळेल.

आतां आक्षेपाकडे वळूं. आक्षेप घेणारे म्हणतात कीं, प्रतिकृतींत युद्धाचा दिमाख तेवढा उतरतो, युद्ध उतरत नाहीं. आमच्या मतें हें म्हणणें अक्षरशः खरें आहे. लोखंड लहान होतें, तोफ लहान होते, चाकाचा खिळादेखील लहान होऊन येतो. परंतु दुःख लहान होऊन येत नाहीं, तें मुळीं पेटींत घातलेलेंच नसतें. पेटीवरील चित्रांचेंच पाहा. रॉय क्रॉस हे या कामांतील नामांकित चित्रकार. ते २०२४ सालीं शंभर वर्षांचे होऊन वारले. एअरफिक्सच्या पेट्यांवर त्यांनीं काढिलेल्या चित्रांत ज्वाळा, स्फोट व पडणारे बाँब असत. मुलांच्या वस्तूंवर हिंसा नको, या विचारानें पुढील आवृत्त्यांत अशा कित्येक चित्रांतून त्या ज्वाळा व ते बाँब पुसून टाकण्यांत आले. हेतु चांगला असेल. पण परिणाम असा झाला कीं विमान राहिलें, आणि विमान कशासाठीं होतें तें मात्र नाहींसें झालें. अप्रिय गोष्ट पुसल्यानें मन शुद्ध होत नाहीं. तें केवळ अजाण राहतें.

उलट पक्षीं कित्येक म्हणतात, "मुलांचा खेळ तो, त्यांत एवढा विचार कशाला?" हेंही आम्हांस मान्य नाहीं. जो मुलगा एका रणगाड्यावर दोन महिने खपतो, त्याचा चिखलदेखील योग्य रंगाचा असावा म्हणून जुनीं छायाचित्रें धुंडाळतो, तो खेळत नसून अभ्यास करीत असतो. असा अभ्यास करणाऱ्या मुलास अर्धेंच सत्य देऊन थांबणें हा शिक्षकाचा धर्म नव्हे.

मग बंदी घालावी काय? आमचें मत तसें नाहीं. शाळेनें मनाई केली तर मुलगा प्रतिकृति करणें सोडणार नाहीं. तो ती घरीं करील, आणि तेथें त्यास प्रश्न विचारणारें कोणी असणार नाहीं. शिवाय युद्धाचीं दृश्यें आज प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलवर आयतींच येतात, व बोटाच्या एका फटकाऱ्यासरशीं निघून जातात. प्रतिकृति करणारा विद्यार्थी निदान एका यंत्राजवळ तरी थांबतो. तो थांबला आहे, तोंवरच त्याला बोलतें करावें. म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, प्रदर्शनांत मांडलेल्या प्रत्येक युद्धयंत्राजवळ ज्यानें तें केलें त्याच्याच हस्ताक्षरांत एक चिठ्ठी असावी, आणि तींत तीन प्रश्नांचीं उत्तरें असावीं: या यंत्राच्या आंत कोण होतें? याच्या समोर किंवा खालीं कोण होतें? आणि युद्ध संपल्यावर त्या माणसांचें काय झालें?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर कित्येकदां प्रतिकृतीच देते. स्पिटफायरच्या पेट्रोलच्या मुख्य टाक्या कोठें होत्या हें विद्यार्थ्यानें शोधावें. त्या वैमानिकाच्या पुढ्यांत, उपकरणांच्या फळीच्या पलीकडे होत्या, व त्यांत सुमारें ८५ गॅलन पेट्रोल मावे. टाकी पेटली म्हणजे ज्वाळा प्रथम कोणाच्या तोंडावर व हातांवर येत असतील, हें निराळें सांगावयास नको. अशा होरपळलेल्या वैमानिकांचे चेहरे आर्चिबाल्ड मॅकिंडो या शस्त्रवैद्यानें ईस्ट ग्रिन्स्टेड येथील रुग्णालयांत पुन्हां घडविले. त्या रुग्णांनीं १९४१ सालीं 'गिनी पिग क्लब' नांवाचें मंडळ स्थापिलें, व युद्ध संपेपर्यंत त्याचे सभासद सहाशेंहून अधिक झाले. आतां तो एक इंचाचा मनुष्य पुन्हां पाहावा. त्याला चेहरा आहे हें ज्या मुलास एकदां उमगलें, त्याच्या हातून ती बैठक निराळ्याच मनानें रंगविली जाईल.

दुसऱ्या प्रश्नाकरितां जपानांतील शिझुओका शहराकडे पाहावें. प्लॅस्टिक प्रतिकृतींच्या धंद्याची ही जणूं राजधानीच. येथील टामिया कंपनी १९४६ सालीं लांकडाचा कारखाना म्हणून निघाली, व १९६० पासून प्लॅस्टिककडे वळली. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत जें १/३५ प्रमाण आज सर्वत्र रूढ आहे तें तिच्याच पँथर रणगाड्यापासून आलें. त्या पँथरच्या पोटांत मोटर व विजेऱ्या मावाव्या, एवढ्यावरून तो आकार ठरला होता. पण याच शहरावर १९४५ च्या जून महिन्यांत एका रात्रीं अमेरिकेच्या बी-२९ विमानांनीं आगीचे बाँब टाकिले व शहराचा मोठा भाग जाळला. त्या रात्रीं दोन बी-२९ विमानें आकाशांत एकमेकांवर आदळलीं व त्यांतील २३ अमेरिकन सैनिक मेले. फुकुमात्सु इतो या गृहस्थानें पुढें आपल्या शहराच्या मृतांबरोबरच त्या शत्रूंचेंही स्मारक उभारिलें, व तेथें दोन्ही देशांचे लोक एकत्र येऊन मृतांचें स्मरण करीत आले आहेत. इतो बौद्ध होते, ख्रिस्ती नव्हते. परंतु शत्रूवर प्रीति करण्याची प्रभूची आज्ञा त्यांनीं आम्हां पुष्कळ ख्रिस्ती म्हणविणारांहून अधिक पाळली, असें म्हणणें आम्हांस भाग आहे.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आपल्याच देशांत आहे. पूना हॉर्स पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत आपल्या सेंच्युरियन रणगाड्यांत धारातीर्थीं पडले. रणगाडा पेटला असतांही त्यांनीं तो सोडला नाहीं. त्या वेळीं त्यांचें वय २१ वर्षांचें होतें. त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र देण्यांत आलें. २००१ सालीं त्यांचे वृद्ध वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, पाकिस्तानांत गेले, तेव्हां त्यांचें आदरातिथ्य करणाऱ्या ब्रिगेडियर ख्वाजा महंमद नासेर यांनीं त्यांस स्वमुखानें सांगितलें कीं, आपला पुत्र माझ्याच हातून पडला. सेंच्युरियनची प्रतिकृति करणाऱ्या भारतीय मुलानें शौर्याची ही कथा अवश्य लिहावी. परंतु ती १९७१ मध्यें थांबवूं नये, २००१ पर्यंत न्यावी.

चिठ्ठी म्हणजे क्षुल्लक गोष्ट, असें कोणी म्हणेल. ज्या 'एनोला गे' विमानानें ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर अणुबाँब टाकला, तें विमान अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेनें मांडावयाचें ठरविलें, तेव्हां त्याच्याजवळ काय लिहावें यावरूनच मोठें वादळ उठलें. १९९५ सालीं मूळ प्रदर्शन रद्द झालें व संग्रहालयाचे संचालक मार्टिन हार्विट यांस अधिकारपद सोडावें लागलें. यंत्र मांडण्यास कोणाचीही हरकत नव्हती. हरकत होती ती शब्दांस. यावरूनच शब्दांचें मोल कळून येतें.

शिक्षकांनीं आणखी दोन गोष्टी कराव्या. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथें लष्कराचें रणगाड्यांचें संग्रहालय आहे; तेथें विद्यार्थ्यांस न्यावें, व खऱ्या रणगाड्याच्या पोलादावर हात ठेवूं द्यावा, म्हणजे तळहातावरील प्रतिकृतीनें काय लपविलें होतें तें त्यांस कळेल. दुसरें असें कीं, रुग्णवाहिका, समुद्रांत बुडणारांस वांचविणारी नौका व तो विसरलेला ट्रॅक्टर यांच्या प्रतिकृतींसही त्याच मेजावर मानाची जागा द्यावी.

आणि बक्षिसें देतांना परीक्षकांनीं रंगकाम व जोडकाम यांस जितके गुण ठेविले असतील तितकेच त्या चिठ्ठीसही ठेवावे. जिच्याजवळ चिठ्ठी नाहीं ती प्रतिकृति, मग ती कितीही सुबक असो, अपुरीच समजावी; कारण तिचा एक भाग अद्याप जोडावयाचा राहिला आहे.