येन्सेनचे कूळ कुठले?

मित्रांनो, "आडनाव म्हणजे आमच्या घराण्याची हजार वर्षांची ओळख," असे छाती फुगवून सांगणारे आपल्याला पदोपदी भेटतात. आम्ही त्यांना डेन्मार्कमधल्या येन्सेनची गोष्ट सांगतो. तुम्हीही सांगा.

'येन्सेन' म्हणजे येन्सचा मुलगा. बस्स, एवढेच. नील्सचा मुलगा नील्सेन, हान्सचा हान्सेन. येन्स नील्सेन या शेतकऱ्याचा मुलगा पेडर येन्सेन आणि मुलगी मारेन येन्सडॅटर, म्हणजे येन्सची मुलगी. पेडरची मुले पुढे पेडरसेन आणि पेडर्सडॅटर. दर पिढीला नाव बदलत होते. मग घराण्याचे नाव कुठले? नव्हतेच!

ते कुणाला होते? सरदारांना. १५२६ साली राजा पहिला फ्रेडरिक याने सरदार घराण्यांना कायमची आडनावे घ्यायला सांगितले. ढालीवर सोनेरी तारा मिरवणारे 'ग्युल्डेनस्टिएर्न' झाले, म्हणजेच सोनेरी तारा. शेतकरी मात्र बापाच्याच नावावर राहिला. १७३३ पासून तर ठरावीक वयातल्या शेतकरी पुरुषांना जमीनदाराची जहागीर सोडून जायचीही बंदी होती. १७८८ च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने उठली. पुढे १८२८ च्या बाप्तिस्मा फर्मानाने राज्यातल्या सामान्य माणसाला कायमचे आडनाव घ्यायला लावले. (श्लेस्विगमध्ये हे १७७१ लाच झाले होते.) सरदार आणि शेतकरी यांच्यात ३०२ वर्षांचे अंतर! आणि तेही शेतकऱ्याच्या सन्मानासाठी नव्हे. सरकारला नोंदवहीत माणूस नीट सापडायला हवा होता.

लोकांनी काय केले? त्या पिढीच्या बापाचे किंवा आज्याचे जे नाव हाताशी होते, तेच गोठवले. म्हणून आज नील्सेन, येन्सेन, हान्सेन यांपैकी प्रत्येक आडनावाचे सुमारे दोन लाख किंवा त्याहून अधिक लोक आहेत, तेही साठ लाखांच्या देशात. हे दोन लाख एका कुळाचे? मुळीच नाही! कुठल्या तरी गावात कुणी तरी येन्स होता, एवढाच त्यांचा संबंध. १९९३ ते २०११ या काळात लागोपाठ तीन पंतप्रधान रासमुसेन झाले. तिघांचे एकमेकांशी नाते नाही. लोक त्यांना न्युरुप, फोग आणि ल्योके या मधल्या नावांनीच ओळखतात. हीच नावे स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत युटा, आयोवापर्यंत पोहोचली.

या गोष्टीत एक बळी आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. 'डॅटर' गेली. आडनाव गोठले ते 'सेन'वर, म्हणजे मुलावर. मारेन येन्सडॅटरची नात येन्सेन झाली, बाई असून 'येन्सचा मुलगा'! २०१९ मध्ये पंतप्रधान झालेल्या मेटे फ्रेडरिक्सेन यांच्या आडनावाचा अर्थही 'फ्रेडरिकचा मुलगा' असाच होतो. लग्नानंतरही बापाचेच नाव लावणारी तिथली शेतकरी बाई नव्या पद्धतीत हळूहळू नवऱ्याच्या आडनावाखाली गेली. सरकारच्या लेखणीने समानता आणली म्हणता? मग बाईचे नाव कुणी खोडले?

काही मित्र म्हणतील, तिथेही उच्चनीच होतेच की. होते. पण तो दर्जाचा भेद होता, आपल्यासारखी जात नव्हती. सरसकट तुलना आम्ही करत नाही. फरक पाहा: 'सेन' हे सामान्य शेतकऱ्याचे नाव म्हणून कमी लेखले गेले. १९०४ च्या कायद्याने ते बदलणे सोपे केले, काहींनी बदलले, लाखोंनी ठेवले. आणि आज येन्सेन ऐकून कुणी त्याच्या आज्याचा धंदा विचारत नाही. २००६ पासून तर आईच्या किंवा बापाच्या नावावरून नवे आडनावही घेता येते.

आपल्याकडे "आडनाव काय?" हा प्रश्न नावासाठी विचारला जात नाही, हे आपण सगळे जाणतो. म्हणून आडनावाच्या अभिमानाचा फुगा फोडायचाच. पण आधी स्वतःकडेही पाहू. आपल्या बैठकीच्या हजेरीत प्रत्येक मुलीच्या नावापुढे बापाचे किंवा नवऱ्याचे नाव आपण विचारतो. तिच्या आईचे नाव किती वेळा विचारले?