शौक चवीचा की दारूचा?

गेल्या काही वर्षांत आपल्यासारख्या लहान गावांतही एक नवा छंद शिरला आहे. घरच्या घरी कॉकटेल बनविण्याचा. मोबाईलवर व्हिडिओ पाहायचे, शेकर आणि बर्फाचे मोठे ठोकळे करणारे साचे कुरिअरने मागवायचे, कोकमाचे आगळ, जांभळाचा रस, पुदिना, गवती चहा, उभी चिरलेली हिरवी मिरची असे साहित्य मांडायचे आणि शनिवारी रात्री दोन-चार जोडप्यांना बोलावून 'हे जरा चाखून बघा' म्हणायचे. बनविणारे शिकले-सवरलेले असतात. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणाचे स्वतःचे दुकान. आणि यातले बरेच जण दवाखान्यात आले, की मला एक वाक्य ऐकवतात : 'डॉक्टर, मी दारू पीत नाही हो. कधीतरी घरी कॉकटेल करतो, एवढेच.'

या वाक्यासाठीच आजचा लेख. हे वाक्य बोलणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच तसे वाटत असते. काळजी करण्यासारखी गोष्ट तीच आहे.

दारू म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर परमिट रूम येते, देशीचे दुकान येते, रस्त्याच्या कडेला पडलेला माणूस येतो. काचेच्या नाजूक ग्लासातले, वर पुदिन्याचे पान ठेवलेले लाल-जांभळे पेय त्या चित्रात बसत नाही. ते सरबताच्या कुळातले वाटते. पण यकृताला ग्लास दिसत नाही आणि पानही दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ते फक्त अल्कोहोल, आणि त्याचे ग्रॅम.

तेव्हा आधी हा हिशेब नीट समजून घेऊ. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की, रम, जिन, व्होडका यांत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते, ६० च्या मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम. शरीर ते एका ठरलेल्या वेगानेच जाळते. एका लहान पेगला अंदाजे एक ते दीड तास लागतो. लिंबू पिळा, ताक प्या, काळी कॉफी घ्या, थंड पाण्याने आंघोळ करा. हा वेग वाढत नाही. कॉफीने झोप उडते, नशा उतरत नाही.

आता कॉकटेलकडे या. 'लाँग आयलंड आइस्ड टी' हे नाव अनेकांनी ऐकले असेल. नावात चहा आहे, पण त्यात चहाचा थेंब नसतो. व्होडका, जिन, रम, टकिला आणि संत्र्याचे लिक्युअर, प्रत्येकी १५ मिलि. म्हणजे एका ग्लासात ७५ मिलि कडक मद्य, जवळजवळ अडीच पेग. वर लिंबू, साखर आणि कोला, त्यामुळे घसा जळत नाही. नुसती व्हिस्की पिणाऱ्याला तिचा जळजळीत घोट 'थांब' म्हणून सांगत असतो. कॉकटेलचे सारे कौशल्य ही सूचना बंद करण्यात आहे. ज्याला पिण्याची सवय नाही, जिला 'वास सहन होत नाही', अशांच्या पोटातही दोन ग्लासांत पाच पेग सहज जातात. त्यात सोड्याचा फेस असेल, तर अल्कोहोल रक्तात लवकर उतरते. एनर्जी ड्रिंक असेल, तर त्यातल्या कॅफीनमुळे माणसाला आपण शुद्धीत आहोत असे वाटते आणि तो गाडीची किल्ली उचलतो.

स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा कमी असते. तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातली पातळी अधिक चढते. 'गोड आहे, बायकांसाठी खास केले आहे' असे म्हणून पुढे केलेला ग्लास या दृष्टीने उलटाच न्याय करतो. गरोदरपणात तर एक थेंबही नको, मग तो कितीही सुंदर ग्लासात असो.

बनविणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. तो दर मिश्रण चमच्याने चाखतो, लिंबू कमी वाटले म्हणून पुन्हा चाखतो, पाहुण्यांना देण्याआधी एक घोट घेतो. हे घोट कोणी मोजत नाही, तो स्वतःही नाही. रात्र संपताना यजमानाने पाहुण्यांपेक्षा जास्त घेतलेली असते आणि 'मी तर एकच ग्लास घेतला' असे तो प्रामाणिकपणे सांगतो.

आता जिन-टॉनिकबद्दल. टॉनिक पाण्यात क्विनीन असते. इंग्रजांच्या काळात हिवतापासाठी क्विनीन घ्यावे लागे. ते फार कडू, म्हणून साहेब लोक साखर, लिंबू आणि जिन घालून ते पीत. त्या इतिहासावरून काही जण आजही म्हणतात, की जिन-टॉनिक औषधी आहे. आजच्या बाटलीतले क्विनीन चवीपुरते असते. त्याने हिवताप टळत नाही आणि बराही होत नाही. मधुमेहींचा दुसरा एक गैरसमज असा, की टॉनिक कडू लागते म्हणजे त्यात साखर नसणार. साध्या टॉनिक पाण्यात साखर असते आणि भरपूर असते. बाटलीवरचे बारीक अक्षर वाचा. काही हौशी लोक सिंकोनाची साल आणून घरीच टॉनिक बनवतात. घरात क्विनीनची मात्रा मोजता येत नाही. ती जास्त झाली तर कानात घंटा वाजतात, चक्कर येते, दृष्टीवर आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. हे कृपा करून करू नका.

मधुमेहाचा विषय निघालाच आहे, तर एक प्रसंग सांगतो. एक निवृत्त शिक्षक, साखरेच्या गोळ्या नियमित घेणारे, मित्राकडे अशाच बैठकीला गेले. दोन ग्लास झाले, गप्पांत जेवण राहून गेले. रात्री दीडला त्यांना दरदरून घाम सुटला, जीभ जड झाली, ते असंबद्ध बोलू लागले. मंडळी म्हणाली, 'सरांना चढली, झोपू द्या.' वहिनींनी मात्र ऐकले नाही. रिक्षा करून त्या त्यांना घेऊन आल्या. रक्तातली साखर ३८ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर थोड्या वेळाने सर उठून बसले. सकाळपर्यंत झोपू दिले असते, तर पुढचे लिहायला नको. उपाशीपोटी रक्तातली साखर टिकवून धरण्याचे काम यकृताचे. ते अल्कोहोल जाळण्यात गुंतले, की हे काम मागे पडते. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर साखर धाडकन खाली येते. आणि साखर उतरल्याची लक्षणे व दारू चढल्याची लक्षणे सारखीच दिसतात. बैठकीला बसणाऱ्या प्रत्येकाने एवढे एक लक्षात ठेवले, तरी हा लेख सार्थकी लागला असे मी समजेन.

दुसरा प्रसंग एका पाच वर्षांच्या मुलीचा. रात्रीचे उरलेले कोकमाचे कॉकटेल पाण्याच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलेले. रविवारी सकाळी मुलीने सरबत समजून ते प्यायले. रंग तोच, गोडी तीच. दहा-साडेदहाला पोर गळून गेली. ऊन लागले असेल म्हणून आईने कांदा हुंगवला. माझ्याकडे आणली तेव्हा तिला ग्लानी होती, अंग थंड होते आणि साखर ४४. प्राथमिक उपचार करून तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, दोन दिवसांनी ती हसत घरी आली. लहान मुलांच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो, त्यामुळे थोडीशी दारूही त्यांना जीवघेणी ठरू शकते. त्या घरातील माणसे बेजबाबदार नव्हती. 'दारू' असती तर त्यांनी कुलपात ठेवली असती. ते 'कॉकटेल' होते, म्हणून फ्रिजमध्ये राहिले.

औषधांविषयीही सांगायला हवे. जुलाबासाठी किंवा दाढेच्या दुखण्यासाठी मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल चालू असेल, तर दारू पूर्ण बंद. तोंड लाल होणे, उलट्या, छातीत धडधड असा त्रास होऊ शकतो. झोपेच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, खाज-सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या यांच्यासोबत दारू घेतली तर श्वास मंदावू शकतो. नेहमी पिणाऱ्याने डोके दुखते म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्या मनाने घेणे यकृताला महागात पडते. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक घालून फेस आणण्याची एक रीत आहे. त्यातून सॅल्मोनेलाचे जंतू पोटात जाऊ शकतात आणि दारूने ते मरतील असा भरवसा धरू नये.

काही ठिकाणी 'अस्सल गावरान चव' म्हणून हातभट्टीची किंवा ओळखीच्या माणसाकडून आणलेली बिनलेबलची दारू वापरली जाते. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परवान्याने गाळलेली फेणी वेगळी आणि कॅनमधून आलेला अनोळखी माल वेगळा. त्यात मिथेनॉल असेल, तर ते रंगावरून, वासावरून, चवीवरून कळत नाही आणि लिंबू-साखरेने निघूनही जात नाही. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये अशा विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. पिऊन बारा-चोवीस तासांनी धूसर दिसू लागले, पोटात दुखले, धाप लागली, तर एक मिनिटही न दवडता मोठ्या रुग्णालयात जावे.

आता नेहमीचा प्रश्न : 'डॉक्टर, थोडी घेतली तर हृदयाला चांगली ना?' माझ्या शिक्षणाच्या काळापासून हे ऐकत आलो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, की आरोग्याला निर्धोक म्हणावी अशी दारूची कोणतीही मात्रा नाही. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. आपल्याकडे निम्मे लोक खिशात तंबाखूची पुडी घेऊन बैठकीला बसतात. तंबाखू आणि दारू एकत्र आली, की तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो.

काही वाचक म्हणतील, बाहेर पिऊन गाडी चालविण्यापेक्षा घरी बसून पिणे बरे नाही का? हा मुद्दा मला मान्य आहे. रात्री अपघाताचे रुग्ण पाहिलेला कोणताही डॉक्टर तो मान्य करील. पण पाहुण्यांनाही घरी जायचे असते. १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालविणे गुन्हा आहे, आणि कित्येकांच्या बाबतीत दोन पेगांत ती रेषा ओलांडली जाते. तेव्हा बैठक घरी असेल, तर पाहुण्यांच्या झोपण्याची किंवा सोडण्याची सोयही यजमानाची. शिवाय घरात मुले असतात. बाहेरचे पिणे त्यांच्यापासून लपलेले असे. इथे वडील शेकर हलवतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, आणि मूल दहाव्या वर्षी ग्लास सजवायला शिकते.

कॉकटेल करणाऱ्या मंडळींना माझी एक सूचना आहे. तुम्ही म्हणता, आम्हाला नशेचे काही नाही, आम्हाला चवीची आवड आहे. फार चांगले. मग पुढच्या शनिवारी तेच सारे साहित्य घ्या. आगळ, आले, पुदिना, मिरची, सैंधव, जांभूळ, सोडा, बर्फ, तेच ग्लास, तीच सजावट. फक्त दारू घालू नका. बैठक तेवढीच रंगली, तर छंद चवीचा आहे आणि तुमचे अभिनंदन. कोणी फिरकलेच नाही किंवा तुम्हालाच करमले नाही, तर शौक दारूचा आहे. तो तसाच आहे हे स्वतःशी कबूल करा. नाव बरोबर दिले, की काळजीही बरोबर घेतली जाते.

त्यानंतरही ज्यांना घ्यायचीच आहे, त्यांनी निदान एवढे पाळावे. अंदाजाने ओतू नये. खोकल्याच्या औषधाबरोबर १५ मिलिचे माप मिळते, तसे एक धुऊन वेगळे ठेवावे. दोन मापे म्हणजे एक लहान पेग. चाखलेले घोटही मोजावेत. आधी जेवावे. घेणाऱ्या प्रत्येकाला कोणती औषधे चालू आहेत ते विचारावे. उरलेले मिश्रण त्याच रात्री मोरीत ओतावे, फ्रिजमध्ये ठेवू नये. जो नको म्हणतो त्याला दुसऱ्यांदा विचारू नये आणि त्याच्यासाठी तितक्याच निगुतीने केलेला बिनदारूचा ग्लास तयार ठेवावा.

आणि शनिवारचे कॉकटेल बुधवारीही होऊ लागले, सकाळी हात थरथरू लागले, तर लाजू नका. रोज पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे आहे. फिट येऊ शकते. आपल्या डॉक्टरांना भेटा. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे. तिथे जाणारे सगळेच रस्त्यावर पडलेले नसतात. घरी बैठका भरविणारे, चांगल्या नोकरीतले, चारचौघांत मान असलेले लोकही तिथे जातात आणि बरे होऊन येतात.